सरळ केस आणि घाटातला पाऊस

तळेगावात आरशासमोर तासभर खपून सरळ केलेले केस कार्ला मागे पडेपर्यंत पुन्हा वळू लागतात, हा मावळातील मुलींचा जुलै महिन्यातला नित्याचा अनुभव. दोष बहुधा यंत्राला दिला जातो. पुढच्या वेळी तापमान वाढवले जाते, तीच बट तीन-चारदा दाबली जाते. आणि केसांची खरी हानी येथून सुरू होते.

केस हा केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या जागी जुळतात. स्ट्रेटनरची किमया एवढीच. परंतु हेच बंध पाण्यानेही सुटतात. घाटमाथ्यावरील दमट हवा केसात शिरली की केस मूळ वळणावर जातो. इस्त्री १५० अंशांची असो वा २२० अंशांची. वाढीव उष्णतेने सरळपणा टिकत नाही, केसावरील खवल्यांचे आवरण मात्र उचकटते व टोके दुभंगतात.

ओल्या केसांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. लोणावळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तापलेल्या पट्ट्यांत ओलसर बट धरली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात सूक्ष्म फुगे पडतात व तेथेच तो तुटतो. पावसाळ्यात वरून सुकलेले केस मुळाशी ओले असतात. चुर्र असा आवाज आला की हात थांबवावा.

बारीक केसांना १५० अंश पुरतात, जाड केसांना फार तर १८०. उष्णतेपासून जपणारा स्प्रे आधी लावून पूर्ण सुकू द्यावा, लहान बट घ्यावी आणि पट्टी एकदाच, न थांबता फिरवावी. तेल लावलेल्या केसांवर इस्त्री नको. तेलाची जागा न्हाण्याआधी: खोबरेल केसातील प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवले. (ते संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही ध्यानात असावे.)

जळलेला केस बरा होत नाही, कापावाच लागतो. आणि केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. वीतभर लांबी परत मिळवायला दीड-दोन वर्षे जातात. समारंभ लोणावळ्यातच असेल, तर घरून केस सरळ करून निघू नये. सैल वेणी घालावी आणि तेथे पोहोचून, केस कोरडे असल्यास, फक्त पुढच्या बटांवर पट्टी फिरवावी.