ताप मेंदूत, खूण मात्र अंगावर. काळी खपली पाहणार कोण?

नागपूर : धानाच्या बांध्या, सोयाबीनचं शेत आणि कमरेएवढं वाढलेलं गवत. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा स्क्रब टायफसचा हंगाम. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भाने या आजाराचा मोठा फटका सोसला. गवतातल्या बारीक किड्याच्या, म्हणजे माइटच्या अळीने चावा घेतला की जंतू रक्तात शिरतात. उपचार लांबले तर ते मेंदूपर्यंत पोहोचतात. रुग्ण बडबडतो, झटके येतात, शुद्ध हरपते. घरचे म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला.’

मग धावपळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोकडे. तिथे एमआरआय होतो, पाठीतून पाणी काढून तपासलं जातं. ते गरजेचंच आहे. पण या आजाराची पहिली खूण बऱ्याचदा कातडीवर असते. चाव्याच्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे ती लपलेली असते. गर्दीच्या ओपीडीत तेवढं पाहणं राहून जातं. महिला रुग्ण असेल तर संकोच आडवा येतो. नर्सताईंनी पडदा लावून दोन मिनिटं पाहिलं तरी काम होतं. मात्र खपली प्रत्येकाला नसते. ती दिसली नाही म्हणून आजार नाही, असं समजू नये.

दुसरी खूण रक्तात. प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, अन् डेंगी-मलेरिया निगेटिव्ह, असा रिपोर्ट आला तर स्क्रबची शंका घ्यायलाच हवी. खात्रीसाठी आयजीएम एलायझा आहे. पण ती पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच आयसीएमआरच्या सूचना सांगतात, शंका आली की रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करा. औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, गर्भवतींना अझिथ्रोमायसिन. दोन्ही स्वस्त.

गोरखपूरचा धडा इथे आठवावा. तिथे वर्षानुवर्षे मुलं मेंदूज्वराने दगावत होती. बोट जपानी मेंदूज्वराकडे होतं. रक्त तपासल्यावर कळलं, निम्म्याहून जास्त मुलांत स्क्रब टायफसच्या खुणा होत्या.

नागपूर जिल्ह्याला रक्तातली खूण नवी नाही. १९६५ मध्ये इथल्याच तापाच्या रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू सापडला आणि गावावरून त्याला ‘चांदीपुरा’ नाव पडलं. हा विषाणू लहान मुलांना एक-दोन दिवसांत नेतो अन् त्यावर नेमकं औषध नाही. स्क्रबवर आहे. फरक तिथेच पडतो.

त्यामुळे प्रश्न फक्त नागपुरातल्या मशिनींचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात अंग नीट तपासलं गेलं का, गोळी पहिल्याच दिवशी मिळाली का, रेफर चिठ्ठीवर ‘खपली आहे / नाही’ लिहिलं का, हे आरोग्य विभागाने पाहायला हवं. आणि लोकांनीही शेतातून आल्यावर आंघोळ करावी, कपडे बदलावे. ताप आला तर ‘गवतात काम केलं होतं’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.