वेल छाटताना

आमच्या मातोश्रींनी लावलेला मनी प्लांट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आहे. त्या गेल्यावर त्याला कात्री लावण्याचे धैर्य मला झाले नाही. शिवाय 'लक्ष्मीची वेल कापू नये' असे घरात म्हटले जाई. परिणामी वेल छतापर्यंत गेली, पण बुंध्याशी उघडी पडली. पाने वीतवीत अंतरावर येऊ लागली. अपुऱ्या उजेडात वेल अशीच लांबते.

अखेर सूनबाई म्हणाली, "बाबा, न कापता ती राहील, असे आपल्याला वाटते का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कुंडीत तीन-चार पेरे राखून वेल कापावी. कापलेल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. प्रत्येक काप पेराच्या किंचित खाली घ्यावा. मुळे पेरातूनच फुटतात. नुसत्या पानाची वेल होत नाही. खालचे पान काढून, पेर बुडेल असा तुकडा पाण्याच्या बाटलीत, उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवावा. पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे. साचल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते, हे आपणांस सांगणे नलगे. काही आठवड्यांत मुळे दोन बोटे लांब झाली की मातीत लावावे. चीक त्वचेला झोंबतो, म्हणून हात धुवावेत.

शेंडा गेल्यामुळे खालच्या पेरांवरील सुप्त डोळे जागे होतात. मातोश्रींच्या कुंडीत आता तीन कोंब आहेत. दोन रोपे माझ्या बहिणींकडे गेली. मुद्दल जपणे म्हणजे ते पेटीत कोंडणे नव्हे, हे बँकेत जन्मभर सांगणाऱ्या मला घरी उमगण्यास बारा वर्षे लागली.