एका आकड्यात संच मावत नाही

संध्याकाळी सौरवीज उतरते आणि त्याच वेळी आमच्या मोहन नगरात दिवे, पंखे, कूलर एकदम सुरू होतात. ही तफावत कोळशाच्या संचांनी भरायची. म्हणून संचाचा भार किती वेगाने चढेल, हा वीजनिर्मितीच्या शेड्यूलमधला कळीचा प्रश्न आहे. ‘नियमात मिनिटाला क्षमतेच्या 3 टक्के आहेत, तेच सरसकट धरा’ असे सांगणारे लोक नियम अर्धाच वाचतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांत 3 टक्के आहेत ते 70 ते 100 टक्के भारासाठी. 55 ते 70 मध्ये 2 टक्के, 40 ते 55 मध्ये 1 टक्का. भिलाईत एनएसपीसीएलचे 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. तेवढ्या क्षमतेचा संच 100 मेगावॉटवरून पूर्ण भाराला न्यायचा, तर पहिल्या 37.5 मेगावॉटना 15 मिनिटे, पुढच्या 37.5 ना साडेसात, उरलेल्या 75 ना दहा. एकूण साडेबत्तीस मिनिटे. सरसकट 3 टक्के धरणारा वीसच मिनिटे मोजतो. पंधरा मिनिटांच्या पहिल्या ब्लॉकमध्येच तो 112.5 मेगावॉटची वाढ मागतो आणि संच 37.5 देतो! कारण कमी भाराला कोळसा दळणाऱ्या मोजक्याच मिल चालू असतात. नवी मिल घेऊन ती तापेपर्यंत भार थांबतो. बॉयलरच्या ड्रमची जाड भिंतही घाई सोसत नाही.

‘मग 1 टक्काच धरा, संच सुरक्षित राहील,’ हा दुसरा पक्ष. त्याने तासभर लागेल. अंगात असलेला वेग कागदावर लपवला की त्याची भरपाई दुसरे महागडे संच करतात. टप्पे घातल्याने गणित किचकट होते ही तक्रारही टिकत नाही. दिवसाचे 96 ब्लॉक संगणकच सोडवतो, त्याला प्रत्येक संचामागे थोड्या अटी जास्त झाल्याने काही बिघडत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. शेड्यूल हे ब्लॉकच्या सरासरीचे असते, शेवटच्या मिनिटाचे नव्हे. 100 वरून 137.5 वर गेलेल्या संचाची त्या ब्लॉकची सरासरी 118.75 भरते. तिथे 137.5 लिहिले, तर जवळपास 4,700 युनिटांची तूट संचाच्या नावावर पडते, ती विनाकारण.

म्हणून वेगाची मर्यादा भारानुसार, चढती-उतरती वेगळी आणि चाचणीतून काढलेली हवी. मिल दुरुस्तीला गेली, तर बदललेला तक्ता त्याच दिवशी भार प्रेषण केंद्राकडे पोचला पाहिजे.