खेळ संपल्यानंतरची पंचवीस वर्षे

वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या घरात तापणाऱ्या भुसावळात बर्फावरच्या हॉकीची चर्चा आरंभणे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु ज्या रेल्वेच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या हजेरीपट, बढती, बदली आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबावर आपले संसार उभे केले, त्या गावाला खेळाच्या धंद्यातील खरी अडचण मुंबई-पुण्याच्या क्रीडारसिकांहून लवकर उमगेल, असा माझा विश्वास आहे. ती अडचण अशी की, खेळाडूचा खेळ पस्तिशीच्या आसपास आटोपतो, आणि पोटापाण्याचा प्रश्न मात्र त्यापुढेही निदान पंचवीस वर्षे तसाच उभा राहतो.

कॅनडात हा खेळ म्हणजे रीतसर व्यवसाय. १९१७ साली मॉन्ट्रियल येथे स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. अठरा वर्षांच्या मुलाची निवड होते, करारनामा होतो, आणि वय, दुखापत किंवा मालकाची गैरमर्जी यांपैकी जे आधी आड येईल तेथे तो संपुष्टात येतो. त्या खेळाडूंना आज जे संरक्षण लाभले आहे, तेही कोणी खुशीने बहाल केलेले नव्हे. निवृत्तिवेतनाच्या निधीचा हिशेब पाहू द्या, अशा साध्या मागणीपासून डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने १९५७ साली सहकाऱ्यांची संघटना उभारली, तेव्हा ऐन भरातल्या या खेळाडूची रवानगी सर्वांत दुबळ्या गणल्या गेलेल्या शिकागोच्या संघात झाली. बदलीचा हुकूम शिक्षा म्हणून कसा वापरला जातो, हे रेल्वेच्या माणसास निराळे सांगावयास नको. टिकाऊ संघटना १९६७ साली अस्तित्वात आली खरी, पण तिचा सूत्रधार अ‍ॅलन ईगलसन हाच पुढे, १९९८ साली, अफरातफरीबद्दल तुरुंगात गेला. आणि निवृत्तिवेतन निधीतील शिलकेवरचा आपला हक्क प्रस्थापित करण्यासाठी वृद्ध झालेल्या नामांकित खेळाडूंना ओंटारिओच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९९२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आपल्याकडे बर्फावरच्या हॉकीवर प्रपंच चालावा अशी सोय नाही. हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर खेळ शिकलेली लडाखची अनेक मुले लडाख स्काउट्स किंवा भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्या नोकरीत शिरतात, आणि त्या दरमहा वेतनाच्या आधारावर देशासाठी खेळतात. क्रिकेट वगळता बहुतेक खेळांची आपल्या देशात हीच स्थिती आहे. भुसावळप्रमाणेच आयुध निर्माणीची वसाहत असलेल्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला, परदेशच्या संघांकडून व्यावसायिक हॉकीही खेळला. पण त्याच्या पाठीशी नोकरी होती ती सरकारी विमान कंपनीची. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविता झाला, तेव्हा मध्य रेल्वेच्या दप्तरी त्याची नोंद तिकीट तपासनीस अशी होती.

सरकारी नोकऱ्यांतील या खेळाडू भरतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. एकेका जागेसाठी हजारो सुशिक्षित तरुण तिष्ठत असताना, मैदानावर घाम गाळला एवढ्या गुणावर कोणास नोकरी का द्यावी? आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु ज्या देशात खेळाडूस पोसणारा सधन मालकवर्ग नाही, तेथे ही भरती बंद करणे म्हणजे खेळ हा केवळ श्रीमंतांच्या मुलांचा मक्ता करून टाकणे होय. शिवाय करारनाम्यावर जगणाऱ्या परदेशी खेळाडूस जे कोर्टात भांडून मिळवावे लागले, ते स्थैर्य आपल्या या पद्धतीने शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलास पहिल्या दिवसापासून देऊ केले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. खेळ संपल्यावर हा मनुष्य कचेरीत येतो तेव्हा, ज्या कामाचा त्याला सराव नाही त्या कामावर त्याला बसविले जाते, आणि ज्या विद्येत तो पारंगत आहे ती विद्या मात्र त्याच्याजवळ पडून राहते. पदक मिळविणाऱ्यास सरकार बढती देते. पदक हुकलेल्या शेकडोंची ती पंचवीस वर्षे कशी जातात, याची चौकशी कोणी करीत नाही.

मध्य रेल्वेच्या स्टेशन मास्तरांपासून तिकीट तपासनिसांपर्यंत अनेकांना त्यांच्या कामाचे धडे देणारी प्रशिक्षण संस्था भुसावळातच आहे. खेळाडू म्हणून सेवेत आलेल्या प्रत्येकाला तिशीच्या आत, पूर्ण वेतनावर, येथे दोहोंपैकी एक मार्ग निवडू द्यावा: खात्याच्या कामाचे सांगोपांग शिक्षण, नाही तर मार्गदर्शक होण्याचे शिक्षण. दुसरा मार्ग पत्करणाऱ्यास रेल्वेच्या वसाहतींतील मैदाने नेमून द्यावीत, आणि संध्याकाळी मुलांना शिकविण्यात गेलेले तास कामाचे तास म्हणून हजेरीपटावर धरावेत. यास नवे खाते नको, नवी इमारत नको. एक परिपत्रक पुरे. ते निघावे म्हणून मागण्यांच्या यादीत हे कलम घालण्याचे काम येथील कामगार संघटनांनी अंगावर घ्यावे, कारण खेळाडूही अखेर कामगारच आहे, आणि कामगाराच्या उतारवयाची तरतूद मागितल्याखेरीज झाल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.