अश्रूंची पन्हळ बुजवण्याचा धंदा

खालच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडाकडे तिरपी उतरणारी जी खोलगट रेषा माणसाच्या चेहऱ्यावर असते, तिला इंग्रजी वैद्यकात ‘टिअर ट्रफ’ म्हणतात. मराठीत तिला अश्रूंची पन्हळ म्हणता येईल. ही पन्हळ कुणाच्या चेहऱ्यावर तरुणपणीच उमटते, कुणाच्या चेहऱ्यावर चाळिशीनंतर. आईबापांकडून आलेली हाडांची ठेवण, वयानुसार ओसरणारी चरबी आणि पापणीखालची अत्यंत पातळ त्वचा ही तिची साधी कारणे आहेत. हा रोग नव्हे. यामुळे नजर कमी होत नाही की वेदना होत नाहीत. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या निरुपद्रवी रेषेला दोष ठरवण्यात आले, तो दोष बुजवण्याचे द्रव्य सिरिंजमध्ये भरून विक्रीला आले, आणि आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील सौंदर्य-दवाखाने ‘थकलेला चेहरा ताजा करून मिळेल’ अशा भाषेत त्याची जाहिरात करीत आहेत.

समाजवादी कार्यकर्त्याने या विषयात वेळ का दवडावा, असा प्रश्न काही साथी विचारतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना श्रीमंत बायकांच्या नटण्यामुरडण्याची चर्चा कशाला, असे ते म्हणतील. आणखी काही जण संस्कृतिरक्षकांच्या सुरात सूर मिसळून स्त्रियांच्या ‘चैनी’वर कोरडे ओढतील. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. पहिलीत अर्थकारणाचे अज्ञान आहे, आणि दुसरीत पुरुषी अहंकार आहे. ज्या समाजात थकवा सार्वत्रिक आहे आणि विश्रांती दुर्मिळ आहे, त्या समाजात थकवा लपवण्याचा धंदा भरभराटीला येतो, ही गोष्ट आपल्या विषयाच्या बाहेरची कशी?

प्रथम हे द्रव्य काय आहे ते पाहू. हायल्युरॉनिक आम्ल नावाचा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत निसर्गतःच असतो. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील द्रवातून तो प्रथम वेगळा काढला. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आतील नाजूक भागांचे रक्षण करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला आणि असंख्य माणसांची दृष्टी राखण्यास त्याचा हातभार लागला. विज्ञानाने माणसाला दिलेली ही देणगीच होती. बाजाराने तिचे काय केले? रासायनिक प्रक्रियेने त्याची घट्ट जेल केली, तिला ‘फिलर’ म्हणजे भरणद्रव्य असे नाव दिले आणि सुरकुत्या, ओठ, गाल व शेवटी डोळ्यांखालची पन्हळ भरण्यासाठी ती विकायला काढली. अशा पहिल्या जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. डोळ्यांखालच्या खळग्यांसाठी तेथील पहिली मान्यता आली ती थेट २०२२ साली. मधली सर्व वर्षे या नाजूक जागी मान्यतेच्या चौकटीबाहेर सुया टोचल्या जातच होत्या. धंदा पुढे धावतो आणि कायदा मागून लंगडत येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

ही जागा नाजूक आहे असे म्हणतो, ते अलंकारिक अर्थाने नव्हे. त्वचा इतकी पातळ की जेल थोडी वर राहिली तरी निळसर झाक दिसू लागते. सूज येते, गाठी होतात. जेल वर्षभरात विरघळते असे सांगितले जाते. पण ती कित्येक वर्षे तशीच राहिलेली डॉक्टरांना आढळली आहे. सगळ्यांत भयंकर गोष्ट ही की, चेहऱ्याच्या या भागातील रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. सुई चुकून वाहिनीत गेली आणि जेल उलट दिशेने सरकली, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. असे क्वचितच घडते हे खरे. परंतु घडते, आणि घडले की गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. जे द्रव्य मोतीबिंदूच्या टेबलावर दृष्टी राखते, तेच एका निरोगी माणसाची दृष्टी घेऊ शकते, आणि तेही कशासाठी, तर जो रोगच नव्हे त्याच्यासाठी! रोगावरच्या उपचारात धोका पत्करावा लागतो हे आपण समजू शकतो. निरोगी माणसाला आधी रोगी ठरवायचे आणि मग त्याला धोक्यात घालायचे, याला उपचार कोण म्हणेल?

आता या सिरिंजच्या मागे कोण उभे आहे ते पाहावे. फिलर आणि बोटॉक्स बनवणारी अलर्गन ही कंपनी ॲबव्ही या औषध कंपनीने २०२० साली सुमारे ६३ अब्ज डॉलरना विकत घेतली. दुसरी मोठी कंपनी गाल्डर्मा. ती १९८१ साली नेस्ले आणि लोरेयाल यांनी मिळून स्थापन केली होती. बाळांच्या दुधाच्या भुकटीवरून १९७७ पासून जिच्याविरुद्ध बहिष्काराची चळवळ जगभर उभी राहिली, तीच ही नेस्ले. २०१९ साली तिने आपला हा त्वचेचा धंदा १०.२ अब्ज स्विस फ्रँकना गुंतवणूकदारांच्या एका गटाला विकला. कारखानदारही नव्हे, निव्वळ सावकारी भांडवल! एवढ्या रकमा गुंतवणारे लोक समाजात आपोआप निर्माण होणाऱ्या असमाधानाची वाट पाहत बसत नाहीत. ते असमाधान स्वतः निर्माण करतात. आईच्या दुधात उणीव दाखवल्याशिवाय भुकटी खपत नाही, आणि चेहऱ्यात उणीव दाखवल्याशिवाय जेल खपत नाही.

आपल्या देशाला हा खेळ नवा नाही. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे मलम बाजारात आले. पंचेचाळीस वर्षे सावळ्या मुलींना त्यांच्या रंगाची लाज वाटायला लावून झाल्यावर २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ तेवढा काढला. लाज मात्र ज्यांच्या मनात रुजायची त्यांच्या मनात रुजून गेली होती. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग यांवर लिहिताना दाखवून दिले होते की, गोऱ्यांनी जगावर राज्य केले म्हणून गोरेपणा सुंदर ठरला. सौंदर्याची कसोटी सत्तेच्या टांकसाळीत पाडली जाते. हाच विचार आज एक पाऊल पुढे न्यावा लागेल. रंगाची कसोटी साम्राज्याने ठरवली. ताजेपणाची कसोटी कोण ठरवतो?

ती ठरवतो मालक. दुकानाच्या काउंटरवर, विमान कंपनीत, हॉटेलात, बँकेत, कॉल सेंटरात माणसाने नुसते काम करून भागत नाही. ते करताना थकलेले दिसायचे नाही, ही नोकरीची न लिहिलेली अट असते. २०२० च्या महामारीनंतर संगणकाच्या पडद्यावर दिवसभर स्वतःचाच चेहरा न्याहाळत बसण्याची पाळी लाखोंवर आली आणि या अटीला आणखी धार चढली. म्हणून ‘ही श्रीमंतांची चैन’ हे म्हणणे अर्धसत्य आहे. चैन करणारे आहेतच. पण ज्यांची भाकरी चेहऱ्यावर अवलंबून आहे, अशा पगारदार तरुण-तरुणीही हप्त्याने हा खर्च करताना दिसतील. त्यांच्या दृष्टीने तो शृंगार नव्हे. गिरणी कामगाराला जसा डबा, तसा तो त्यांच्या कामाचा खर्च आहे, आणि तो त्यांनी स्वतःच्या खिशातून करायचा आहे.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. डोळ्यांखालची प्रत्येक खोबण ही शोषणाची खूण आहे, असे म्हणणे खुळेपणाचे होईल. पुष्कळांची पन्हळ वंशपरंपरेने आलेली असते आणि कितीही झोप घेतली तरी ती भरून येत नाही. प्रश्न खोबणीचा नाही, तिच्या वाचनाचा आहे. बाजार तिला थकवा म्हणून वाचतो आणि थकवा हा गुन्हा ठरवतो. आणि एकदा थकवा हा शब्द त्यानेच उच्चारला, की या देशात खरोखर थकलेले कोण आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

उत्तर सरकारच्याच कागदांत आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ आले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाने आपलीही नऊ मिनिटे सोडवून घेतली! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते, आणि त्याआधीच्या सर्वेक्षणापेक्षा ते वाढलेले होते. फिकट चेहरा, खोल गेलेले डोळे आणि न संपणारे काम यांवर लोह, सकस अन्न आणि झोप हे उपाय आहेत. त्यांत नफा नाही, म्हणून त्यांच्या पाट्या रस्त्यावर लागत नाहीत.

झोपेचे म्हणाल तर तिच्यावरही घाला पडतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर, आणि दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० वर नेण्यास मान्यता दिली. कारखान्यातील तिमाही जादा कामाची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर न्यायचे ठरले. याच मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी आठवड्याच्या सुट्टीसाठी प्रचंड सभा भरवली, तिच्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्यांनी विश्रांती मागितली होती. विश्रांती घेतल्यासारखे दिसण्याचे औषध मागितले नव्हते. विश्रांती हिरावून घ्यायची आणि तिचा मुखवटा विकायचा, या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. स्त्री स्वखुशीने संमतिपत्रावर सही करते.’ संमतीचे हे तत्त्वज्ञान आपल्या परिचयाचे आहे. जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच घेतले जाईल, असे सरकारही सांगते. नाही म्हटले तर नोकरी जाईल अशी भीती ज्याला आहे, त्याची सही ही संमती असते काय? आम्ही कुणाच्या सहीवर बंदी घालायला निघालेलो नाही. स्त्रीने स्वतःच्या चेहऱ्याचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. तो ना कंपनीचा, ना नवऱ्याचा, ना आमचा. परंतु निवड स्वतंत्र व्हायची असेल तर ‘नाही’ म्हणणारीला दंड होता कामा नये. तो दंड नाहीसा करणे हे राजकारणाचे काम आहे.

विज्ञानाशीही आमचे भांडण नाही. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जातात आणि त्यावरून समाज त्यांना ओळखून दूर लोटतो. अशा रुग्णांसाठी एका भरणद्रव्याला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. भाजलेल्या, आम्लहल्ल्यात चेहरा गमावलेल्या माणसांना चेहरा परत देणारे शल्यविशारद आमच्या आदराचे मानकरी आहेत. हा फरक आपल्या करकायद्यालाही कळतो: वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला सूट आहे, पण जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करण्यासाठी नसलेली सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सुटीबाहेर ठेवलेली आहे. कर गोळा करताना जो फरक शासनाला स्पष्ट दिसतो, तो नागरिकाचे डोळे सांभाळताना का दिसू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ही सुई प्रशिक्षित डॉक्टरखेरीज कुणाच्याही हाती जाऊ नये, आणि जेल विरघळवणारे औषध जवळ असल्याखेरीज ती उचललीच जाऊ नये. अंधत्वाचा धोका जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत, लिहिलेला असावा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी फिलर टोचण्यास कायद्याने बंदी आहे. तशी ती येथेही व्हावी. ‘थकलेला चेहरा’ हा रोग असल्याचे भासवणाऱ्या जाहिराती बंद व्हाव्यात. आणि या सर्वांहून मोठी मागणी म्हणजे बारा तासांचा दिवस मागे घ्यावा.

एक मागणी मात्र शासनाकडे नाही, आपल्याकडेच आहे. ते २८९ आणि ८८ मिनिटांचे आकडे भांडवलदारांच्या घरांतले नाहीत. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतलेही आहेत. शिबिरात समतेवर भाषण करून मध्यरात्री परतणाऱ्या साथीचे ताट झाकून कोण जागी बसते? पहाटे पाण्याला कोण उठते? त्या जागरणाची रेषा तिच्या डोळ्यांखाली उमटली, तर ती बुजवणारी सुई परदेशी भांडवलाची असेल. पण ते जागरण आपण दिलेले आहे. बाजाराविरुद्ध ठराव करणे सोपे आहे. घरातली निम्मी कामे उद्यापासून स्वतः करणे कठीण आहे, आणि जो ते करील त्याच्याच तोंडी या धंद्याविरुद्धचा निषेध शोभेल.