एका खेळाडूची दोन नावे

मोबाईलवरील खेळात दुसऱ्याच्या नावाने आणखी एक खाते उघडणे ही मुलाची हुशारी समजणारे पालक अंजनगाव सुर्जीतही आहेत. काही जण तर स्वतःचे पॅनकार्ड कौतुकाने त्याच्या हाती देतात. या कौतुकाला माझा विरोध आहे.

'हॅटट्रिक' हा १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला फुटबॉल-व्यवस्थापनाचा खेळ घ्या. त्यात चेंडू मारायचा नसतो; संघ चालवायचा असतो. खेळाडू विकत घ्यायचे, सराव देऊन घडवायचे, जमाखर्च सांभाळायचा. आपल्याकडील पानमळ्याच्या वेलीसारखीच आठवडेच्या आठवडे निगा लागते. एका व्यक्तीने एकच खाते ठेवावे, असा नियम आहे. तो मोडणारा काय करतो? आपलाच सामान्य खेळाडू आपल्याच दुसऱ्या संघाला अवाच्या सवा किमतीस विकतो. एक तिजोरी रिकामी होते, दुसरी भरते. रिकामा झालेला संघ बुडाला तरी त्याला दुःख नाही. तो बुडवण्यासाठीच काढलेला असतो. नुकसान होते ते त्याच गटात प्रामाणिकपणे खेळणाऱ्या दूरच्या कुणा मुलाचे, आणि आपण का हरलो हे त्याला कळतही नाही.

फॅन्टसी क्रिकेटमध्ये तर खरा पैसा गुंतला होता. 'ड्रीम इलेव्हन'चा खेळ जुगार नसून कौशल्याचा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पण काका-मामांच्या नावांनी उतरणाऱ्याचे कौशल्य कसले? तो नशिबाच्या जादा चिठ्ठ्या गोळा करीत असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे बरेच झाले. फुकटचे खेळ मात्र चालूच आहेत, आणि उसन्या नावाची सवयही.

वसतिगृहात वाढलेल्यांना हे निराळे सांगावे लागू नये. भाजी ताटे मोजून शिजते. कोणी दुसऱ्याच्या नावावर पुन्हा ताट धरले, तर आचाऱ्याचे काही जात नाही. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या लहानग्याची वाटी कोरडी राहते. न दिलेले न घेण्याचे शील आपण वंदनेत म्हणतो. ते मोबाईलच्या पडद्यापाशी संपते, असे मला वाटत नाही.

मुलाने ओटीपी मागितला, तर तो कशासाठी हे पालकांनी आधी विचारावे. उत्तर 'खेळासाठी' असे आले, तर हे कितवे खाते, हेही विचारावे.