झाडं मोजता, तसा चिखलही मोजा

ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या काठावर उभं राहा. आधी नाकात शिरतो तो कुजक्या अंड्यासारखा वास. शहरातला माणूस नाक दाबतो आणि ‘घाण’ म्हणून पुढे जातो. मला मात्र त्या वासाचं मोल वाटतं, कारण खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसल्याची ती खूण आहे. तिवर आणि कांदळ या खारफुटी झाडांची पानं-मुळं या चिखलात गाडली जातात, पण प्राणवायूविना ती धड कुजत नाहीत. वर भरती दिवसातून दोनदा नवा गाळ पसरवून जाते. झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन असा थरावर थर शेकडो वर्षं साठत राहतो. गोड्या पाण्याच्या दलदलीतून जितका मिथेन सुटतो तितका इथून सहसा सुटत नाही; समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट त्याला आवर घालतं.

हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ खारफुटी जंगलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे हेक्टरी सरासरी सुमारे १,०२३ टन कार्बन आढळला. त्यातला निम्मा ते जवळजवळ सगळा वाटा जमिनीत होता. झाडं दिसतात, खजिना मात्र त्यांच्या पायाखाली असतो.

आता आपला हिशेब पाहा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांच्या तोडीवर बंदी कायम केली; सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागेल, असं ठरवलं. निकाल मोलाचा आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी मिळाली, तेव्हाही चर्चा झाली ती झाडांच्या आकड्याची. इतकी तोडणार, त्याच्या कितीतरी पट लावणार. रोप लावता येतं हो, पण दोन-तीन मीटर खोल गाळ कोण लावणार?

खणताना किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवताना हा चिखल उघडा पडतो, वाळतो. त्यात प्राणवायू शिरला की शतकांची साठवण काही दशकांत हवेत जाऊ शकते. वाळलेल्या चिखलात निवटी राहत नाही, चिंबोरीला बीळ करता येत नाही. नुकसानभरपाईची रोपं दूरच्या जिल्ह्यात लावली, तर इथल्या कोळ्याच्या जाळ्यात काय पडणार? कधी कधी तर रोपांसाठी उघडा गाळपट्टाच निवडतात. तो रिकामा दिसतो, पण ओहोटीला पाणपक्षी तिथेच चरतात, आणि तोही कार्बन धरून असतो. एका पाणथळीचं देणं दुसरी मोडून फेडायचं, हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. परवानगीच्या प्रत्येक अर्जासोबत त्या जागेच्या गाळाचा खोलवरचा नमुना काढून तपासावा. जमिनीखाली हेक्टरी किती टन कार्बन आहे आणि बांधकामात त्यातला किती सुटेल, हे जनसुनावणीआधी मराठीत जाहीर करावं. आकडा मोठा असेल तर प्रकल्पाची आखणीच बदलावी.

तुमच्या गावालगतच्या खाडीवर पुढची जनसुनावणी असेल तेव्हा जरूर जा. किती झाडं लावणार हे ते सांगतीलच. गाळ मोजला का, हे तुम्ही विचारा आणि उत्तर लेखी मागा.